वाळूत चार रेषा: थरच्या सहलीतल्या एका तुटलेल्या पाट्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

२३ डिसेंबर २०२३ला, शनिवारी पहाटे, पाच गाड्या पुण्याहून निघाल्या. नाताळची सुट्टी, वर्षअखेरची उरलेली रजा आणि जैसलमेरच्या उत्तरेला वाळूत दोन-तीन दिवस गाड्या चालवायच्या, एवढाच बेत. लोक तेरा. पुढे फोर्स गुरखा, तिच्या मागे दोन महिंद्रा थार, मग एक जुनी जिप्सी आणि शेवटी माझी जिम्नी. नावं देत नाही. गुरखा चालवणाऱ्यांना सगळे काका म्हणतात. वय अठ्ठावन्न, वाळूचा अनुभव आमच्यात सर्वांत जास्त, त्यामुळे म्होरके तेच. जिप्सीवाले दादा साताऱ्याकडचे आणि सोबत त्यांचा भाचा, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. मी शेपटीला. शेपटीच्या गाडीचं काम साधं असतं: पुढची एकही गाडी मागे राहू द्यायची नाही. हे काम मी नीट केलं की नाही, ते पुढे येईलच.

वाट निवडताना दोन गोष्टी पाळल्या. सम आणि खुरीच्या बाजूला मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे, ३,१६२ चौरस किलोमीटरचं. माळढोक आता जगात जिथे जिथे उरलाय, त्यातली ही मोठी जागा. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला हा पक्षी दिसला की बातमी होते. तिकडे चाकं घालायची नाहीत हे आधीच ठरलं होतं. दुसरं, सीमेलगतच्या गावांसाठी प्रशासनाची परवानगी लागते, तेव्हा त्या पट्ट्यातही जायचं नाही. म्हणून रामगढ आणि मोहनगढच्या मधला भाग घेतला. तिथे इंदिरा गांधी कालव्याच्या शाखा आहेत, त्यांच्या कडेने रस्ते आहेत, अधूनमधून ढाण्या, म्हणजे छोट्या वस्त्या, आहेत आणि त्यांच्यामध्ये सेवण गवताचे सपाट पट्टे आणि वाळूचे धोरे, म्हणजे टेकड्या. अडचण आली तर दहा-बारा किलोमीटरवर डांबर सापडेल असा हिशोब होता. हिशोब बरोबरच निघाला. फक्त वाळूतले अकरा किलोमीटर म्हणजे किती, हे मोजायला आम्ही चुकलो.

आता जिप्सीबद्दल, कारण प्रकरण तिचं आहे. या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत अॅक्सल जागेवर धरायला वेगळ्या दांड्या असतात. पाट्याच्या गाडीत दोन्ही कामं पाटाच करतो, वजन तोलणं आणि अॅक्सल पुढे-मागे हलू न देणं. मेन, म्हणजे सर्वांत लांब, पाट्याचं एक टोक चासीच्या हँगरला (पक्क्या आधाराला), दुसरं शॅकलला (झुलत्या कडीला). मधोमध सगळ्या पाट्यांना भोक पाडून एक सेंटर बोल्ट आणि सगळा जुडगा अॅक्सलला यू बोल्टने आवळलेला. खरी पकड यू बोल्टची. सेंटर बोल्टचं काम जागा दाखवण्याचं. ओढ सोसायला तो केलेलाच नाही.

दादांनी निघण्याच्या तीन आठवडे आधी पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये मागचे पाटे ठोकून पुन्हा कमानीत आणले आणि प्रत्येक बाजूला एकेक जादा पाटा टाकून घेतला. कारण टपावर कॅरिअर, त्यावर पेट्रोलचे दोन वीस लिटरचे कॅन, पाण्याचे दोन, दुसरी स्टेपनी, तंबू, हत्यारांची पेटी. पुढे लोखंडी बंपर आणि विंच आधीपासून होतेच. मुळात जेमतेम एक टनाची गाडी. "पाटा वाढवलाय, आता काय होतंय," हे वाक्य आम्ही निघताना ऐकलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिली खूण

सांचोरच्या पुढे एका खड्ड्यात जिप्सी जोरात आपटली. बाडमेरला चहाला थांबलो तेव्हा भाचा खाली वाकून बघत होता. गाडी जागेवरून उचलताना मागून एकदा 'कट्' असा आवाज येतो, असं त्याने मामांना सांगितलं. मामा म्हणाले, नवीन पाटे आहेत, बसतायत. भाच्याने काकांकडे पाहिलं. काका तेव्हा रस्त्यातल्या वेळेचा हिशोब मांडत होते. आणखी एकदा बोलायला त्याला भीड पडली, असं त्याने नंतर सांगितलं. बावीस वर्षांचा मुलगा, चौदा तास गाडी हाकलेली वडील माणसं आणि समोर गरम चहा. मी शेजारीच उभा होतो. तो आवाज मीही ऐकला होता.

नवीन पाटे आवाज करतात, हे खरंच आहे. पण तो आवाज करकरण्याचा असतो, पाट्यावर पाटा घासल्याचा. गिअर टाकून क्लच सोडताना एकदाच 'कट्' होणं म्हणजे काहीतरी सरकून थांबतंय. दोन्हींतला फरक सांगायला डिप्लोमा लागत नाही, खाली वाकावं मात्र लागतं.

२५ तारखेचा पहिला दिवस निर्विघ्न गेला. टायरची हवा पंधरा-सोळा पीएसआयवर उतरवली, छोटे धोरे चढलो-उतरलो, दोनदा थार रुतली, फावडं चाललं, मुलांनी वाळूत घसरगुंड्या केल्या. संध्याकाळी शेकोटीजवळ जिप्सी मागून डावीकडे बसलेली वाटली. कोणीतरी म्हणालं, जमीनच तिरकी आहे.

दुसरी खूण, जी माझी होती

२६ला सकाळी दहाच्या सुमारास आम्ही गवताच्या एका लांब सपाट पट्ट्यावरून चाललो होतो. मी जिप्सीच्या मागे साठ-सत्तर मीटरवर. थंडीने वाळू कडक होती, ठसे कोरल्यासारखे उमटत होते. गाडी सरळ चालली की मागची चाकं पुढच्यांच्याच ठशात पडतात, वाळूत दोन रेषा दिसतात. जिप्सीच्या मागे चार होत्या. पुढच्या डाव्या चाकाच्या ठशाशेजारी, चार बोटं अंतरावर, मागच्या चाकाचा दुसरा ठसा, आणि उजवीकडेही तसंच. गाडी नाकासमोर जात होती, पण अंग किंचित तिरकं ठेवून, बैलगाडीचा एक बैल आडमुठा असला की गाडी चालते तशी.

बाजूच्या उतारावर कोणतीही गाडी अशी चार रेषा सोडते, कारण मागचा भाग खाली घसरतो. मी स्वतःला तेच सांगितलं. पण तो पट्टा सपाट होता. तीन किलोमीटर मी त्या रेषा पाहत गेलो, वॉकीटॉकीचा माइक मांडीवर. एकदा उचललाही. मग पुढून काकांचा आवाज आला की पुढचा धोरा मोठा आहे, सगळ्यांनी अंतर ठेवा. मी माइक ठेवून दिला. ताफा थांबवायचा, सगळ्यांना उतरवायचं, आणि काही निघालं नाही तर? या 'तर'च्या पोटात पुढचे वीस तास होते.

सेंटर बोल्ट बहुधा तेव्हाच कापला गेला होता. अॅक्सलची डावी बाजू मागे सरकली होती म्हणूनच गाडी तिरकी चालत होती. मेन पाटा अजून अखंड असावा किंवा तडकलेल्या अवस्थेत तग धरून असावा. त्या क्षणी थांबलो असतो तर काम होतं गाडी जॅकवर घेणं, अॅक्सल पुढे ओढणं, नवा बोल्ट घालणं आणि यू बोल्ट आवळणं. दीड तास, फार तर दोन.

घटना

दुपारी दोन वाजून वीस मिनिटं. दादांनी एक मध्यम धोरा थोड्या जास्त वेगात घेतला. माथ्यावर गाडी हलकी झाली आणि पलीकडे उतरताना तळाच्या कडक जमिनीवर मागची बाजू आदळली. वाऱ्याने वाड्याचं दार आपटावं तसा आवाज झाला. पुढे दहा-बारा मीटर गेली आणि थांबली. मागचं डावं चाक मडगार्डच्या मागच्या कडेला टेकलेलं, टायरवर घासल्याची काळी चकती.

खाली पाहिलं तर डावा मेन पाटा सेंटर बोल्टच्या भोकातूनच दुभंगला होता. भोकाशी पाट्याचं अंग सर्वांत कमी, तेव्हा यू बोल्ट सैल असले की पाटा तिथेच वाकत राहतो आणि तिथेच तुटतो. चारही नट हाताने हलत नव्हते, पण पाना लावल्यावर दोन-दोन फेरे आले. सगळ्यांत बोलका पुरावा मात्र तुटलेल्या तोंडावर होता. अर्धा भाग चकचकीत, दाणेदार, ताजा. उरलेला अर्धा गंजून काळपट. म्हणजे अर्धा पाटा आधीच गेला होता, कदाचित पाटे ठोकले तेव्हापासूनच.

आणखी एक. जादा पाट्यामुळे जुडगा जाड झाला होता, पण यू बोल्ट जुनेच आणि तेवढ्याच लांबीचे. नटाबाहेर एकही आटा उरला नव्हता. एका नटात तर बोल्ट पुरता आलाच नव्हता. भाच्याने त्यावर बोट ठेवलं आणि काही बोलला नाही.

पर्याय

कालव्याचा रस्ता अकरा किलोमीटर. सूर्य मावळायला साडेतीन तास. खोलगटात मोबाइलला रेंज नाही, धोऱ्याच्या माथ्यावर एखादी काडी. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र कोणाकडे नव्हतं, आणि असायलाही नको होतं. परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं भारतात गुन्हा आहे आणि सीमेच्या जिल्ह्यात तर नसतं लफडं. पिण्याचं पाणी साठ लिटरच्या आसपास. म्हणजे जिवाला धोका नव्हता. हे कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. वेळ कमी आहे, वेळ कमी आहे, एवढंच सगळे म्हणत राहिले.

पहिली सूचना आली टोचन करून ओढायची. ती टिकली नाही. डाव्या बाजूला अॅक्सल धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं. ओढली असती तर चाक आणखी मागे जाऊन मडगार्डात अडकलं असतं, किंवा ब्रेकचा पाइप तुटला असता.

थारवाल्या मित्राने वेल्डिंग सुचवलं. दोन बॅटऱ्या जोडून वाळूत वेल्डिंग करता येतं, त्याने ते केलेलंही आहे आणि रॉड त्याच्याजवळ होते. ही सूचना सर्वांना मोहक वाटली. पण पाट्याचं पोलाद साध्या लोखंडासारखं नसतं. त्याचा लवचिकपणा भट्टीतून आणि पाण्या-तेलातून आलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचा भाग कडक आणि ठिसूळ होतो, आणि पाटा पुढच्या धक्क्याला जोडाशेजारीच तुटतो. यावर भाचा पहिल्यांदा ठामपणे बोलला. काकांनी ऐकलं.

तिसरा पर्याय, गाडी सोडून सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि सकाळी ट्रॅक्टर घेऊन यायचं. माणसांच्या दृष्टीने हाच सर्वांत सुरक्षित. दादांना तो मान्य नव्हता, आणि परराज्यातली गाडी त्या मुलखात रात्रभर बेवारस ठेवायची म्हणजे सकाळी ट्रॅक्टरच्या आधी पोलीस, ही धास्तीही खोटी नव्हती. तरी आज मागे वळून पाहताना वाटतं की आम्ही तो फार लवकर खोडला. गाडीजवळ दोन माणसं आणि एक चांगली गाडी ठेवून हाच मार्ग घेता आला असता.

ठरलं ते असं: दोन्ही थार मुलं, बायका आणि काकूंना घेऊन उजेडात बाहेर पडतील, एकूण आठ जण, आणि रामगढला मुक्काम पाहतील. काका, त्यांचे मित्र, दादा, भाचा आणि मी अशा पाच जणांनी जिप्सी चालती करायची. सोबत गुरखा आणि जिम्नी. निघणाऱ्यांना काका म्हणाले, "नऊपर्यंत येतो." या दोन शब्दांनी नंतर पाट्यापेक्षा जास्त मनस्ताप दिला.

काय केलं

हा भाग थोडा खुलासेवार सांगतो, कारण पाट्याच्या गाड्या अजून पुष्कळ आहेत आणि ही युक्ती कोणाला तरी कामी येईल.

आधी टप रिकामा केला. कॅन, स्टेपनी, पेटी, सगळं गुरखात. मग जॅकखाली फळी ठेवून चासी उचलली, मागची दोन्ही चाकं मोकळी केली. रॅचेटचा पट्टा पुढच्या हँगरपासून अॅक्सलपर्यंत लावून डावी बाजू दातादाताने पुढे ओढली. मोजायला पट्टी नव्हती. उजव्या बाजूला हँगर ते अॅक्सल एक दोरी धरली, गाठ मारली आणि तीच दोरी डावीकडे लावून पाहिली. पाट्याचे दोन तुकडे तोंडाला तोंड लावून बसवले. सेंटर बोल्टच्या जागी कॅरिअरच्या क्लॅम्पचा बोल्ट. त्याचं डोकं अॅक्सलवरच्या खाचेत बसेना, तेव्हा भाच्याने कानस घेतली आणि पाऊण तास घासत बसला. तुटीवर टायर काढायची चपटी पहार आडवी ठेवून वरून यू बोल्ट आवळले. हाड मोडल्यावर कामट्या बांधतात तसं.

मग भाच्याने या सगळ्या प्रकरणातली सर्वांत चांगली सूचना केली. मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा, काढा. जिप्सीत तो दोन्ही टोकांना चार-चार नट-बोल्टने जोडलेला असतो, काढला तरी ऑइल सांडत नाही. शाफ्ट काढून फोर-बाय-फोर लो टाकलं की इंजिनची ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते. मागची चाकं गाडी ढकलेनाशी होतात, नुसती मागोमाग ओढली जातात. म्हणजे तुटलेल्या बाजूला अॅक्सलला ओढ लागणार ती एकाच दिशेची, मागे जायची. ती एक साखळी धरू शकते. हँगरपासून अॅक्सलला साखळी घालून डी शॅकलने, म्हणजे पिन असलेल्या कडीने, बंद केली. अॅक्सल आणि चासीच्या मध्ये लाकडाचा ठोकळा पट्ट्याने बांधला. नियम दोन ठरले: ब्रेक हलका, आणि रिव्हर्स अजिबात नाही, कारण मागे जाताना अॅक्सल पुढे ढकलला जाईल आणि साखळी सैल पडेल.

पाच पंचवीसला गाडी जमिनीवर उभी होती. चाक मडगार्डपासून मोकळं. दादांचे डोळे भरून आले होते आणि ते वाळू गेली म्हणून चोळत होते.

निघायचं की थांबायचं

इथे माझा काकांशी मतभेद आहे, आजही.

दत्तजयंतीची पौर्णिमा होती. सूर्य टेकत असतानाच पूर्वेला चंद्र वर आला, भला मोठा. काका म्हणाले, असा उजेड आहे, सावकाश जाऊ, दोन-तीन तासांत रस्ता. थकलेल्या माणसाला हे पटतं. पण वाळूत चंद्रप्रकाश दगा देतो. दिवसा उन्हाच्या तिरक्या सावल्यांवरून माथा कुठे संपतो ते कळतं. चांदण्यात सगळं एकसारखं पिठासारखं दिसतं, चढ की उतार ते चाक सांगतं. शिवाय दिवसभर तापलेली वाळू भुसभुशीत असते. सकाळी थंडीने ती आवळते. पुढचीच चाकं ओढणाऱ्या गाडीला तर सकाळचीच वाळू हवी. हे मी म्हणालो. पण सकाळच्या चार रेषांबद्दल मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं, आणि ज्याच्या पोटात असं काही असतं तो वाद घालायला कचरतो. दोन वाक्यांत मी गप्प झालो.

निघालो. तीनदा रुतलो, तीनदा गुरखाने पुढून ओढलं. एक किलोमीटर चारशे मीटरवर खाली 'खळ्ळ' झालं. डी शॅकलची पिन थरथरीने फिरत फिरत सुटली होती आणि साखळी वाळूत लोळत होती. पिन गायब. दुसरी त्या मापाची नव्हती. बॅटरीच्या उजेडात पाच माणसं गुडघ्यांवर, मागचे ठसे बोटांनी चाळत. शेवटी भाच्याने जिम्नीच्या टपावरची वॉकीटॉकीची अँटेना उपटली. तिच्या बुडाला चुंबक असतं. ते बुड वाळूवरून केर काढल्यासारखं फिरवत तो मागे गेला आणि आठच्या सुमाराला पिन चिकटून आली. सोबत वाळूतली काळी लोहकणांची मिशीही.

मग कोणी काही म्हणालं नाही. तंबू लावले. पिनेला तार मारून ठेवली, जी आधीच मारायला हवी होती.

रामगढची रात्र

तिकडे नऊ वाजले, दहा वाजले. "नऊपर्यंत येतो" म्हटलेल्या माणसांचा पत्ता नाही, फोन लागत नाही. काकू शांत होत्या, माझी बायको नव्हती. पावणेअकराला थारवाला मित्र एकटाच गाडी काढून निघाला. कालव्याच्या रस्त्यापर्यंत आला, दिवे लावून-विझवून हॉर्न वाजवले. ते आम्हांला दिसायचं-ऐकायचं कारणच नव्हतं. मध्ये साडेनऊ किलोमीटर धोरे. आमच्या ठशांवरून आत शिरायचं त्याच्या मनात होतं. एकटा, रात्री, फावड्याशिवाय. फावडं आमच्याकडे राहिलं होतं. सव्वाअकराला मी धोऱ्याच्या माथ्यावर चढून फोन हवेत धरला तेव्हा तीन मेसेज एकदम गेले. त्यातला एक त्याला मिळाला. तो परतला.

म्हणजे पाटा तुटण्यापेक्षा मोठा अपघात व्हायचा तो असा टळला. निघणाऱ्यांना वेळ सांगताना पुढचं वाक्यही सांगायला हवं होतं: नऊला आलो नाही तर आम्ही वाळूत मुक्काम केलाय असं समजा, शोधायला येऊ नका, सकाळी अकरापर्यंत फोन नाही आला तर ट्रॅक्टर घेऊन या, एकट्याने नाही. एवढं कागदावर लिहून दिलं असतं तरी पुरलं असतं.

परिणाम

पहाटे बोटं वळत नव्हती. साडेसातला निघालो. वाळू कडक, चाकं वरच्या वर चालली. दर अर्ध्या किलोमीटरला थांबून साखळी, पट्टा आणि यू बोल्ट हाताने तपासत गेलो. साडेनऊ किलोमीटरला तीन तास दहा मिनिटं लागली आणि एकदाही ओढावं लागलं नाही. शेवटच्या धोऱ्यापाशी एका ढाणीवरचे गृहस्थ ट्रॅक्टर घेऊन वाट पाहत होते. थारवाल्या मित्राने सकाळी त्यांना गाठलं होतं. त्यांनी गाडीखाली डोकावून ठोकळा, पहार, साखळी सगळं निरखलं आणि एकच शब्द उच्चारला, "चालसी." म्हणजे चालेल. तिथून रामगढपर्यंत त्यांच्या ट्रॉलीवर.

रामगढला फिटर मिळायची अडचण पडत नाही. सोनूच्या चुनखडीच्या खाणींमुळे त्या भागात ट्रकची वर्दळ, आणि ट्रक आले की पाटे तुटतातच. फिटरने जुडगा खोलला, तुटलेलं तोंड अंगठ्याने पुसलं आणि गंजाची कडा दाखवून विचारलं, हे कोणी ठोकलं? ट्रकचा पाटा रुंद, तो जिप्सीला चालत नाही. पण लष्कराने वर्षानुवर्षं जिप्सी वापरली, लिलावात काढली, त्यामुळे जैसलमेरच्या भंगारात एक जुना, न ठोकलेला मेन पाटा संध्याकाळपर्यंत मिळाला. अठराशे रुपये. नवे लांब यू बोल्ट, दोन्ही बाजूंचे. जादा पाटे काढून टाकले. फिटरचं म्हणणं, वजन कमी करा, पाटा आपोआप मजबूत होतो. मजुरी बाराशे.

लोंगेवाला आणि तनोटचा बेत रद्द झाला. पोकरणला, पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटर झाल्यावर, यू बोल्ट पुन्हा आवळले. दोन नट अर्धा फेरा फिरले. नव्या पाट्यांवर हे करावंच लागतं, आणि पुण्याच्या गॅरेजने तसं सांगितलं होतं की नाही यावर दादा आणि भाचा यांचं अजून एकमत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

रेषांबद्दल मी पोकरणच्या ढाब्यावर सांगितलं. काही क्षण कोणी बोललं नाही. मग काका म्हणाले, "मला आरशात गाडी बसलेली दिसत होती रे." दादा म्हणाले, आवाज त्यांना आदल्या दिवसापासून येत होता. भाच्याने तर बाडमेरलाच सांगितलं होतं. म्हणजे चौघांकडे चार तुकडे होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या भिडेखातर आपला तुकडा खिशात ठेवून बसला होता. यावर उपाय म्हणून आता आमच्यात एक पद्धत आहे: प्रत्येक थांब्यावर प्रत्येक गाडीखाली त्या गाडीच्या चालकाने बघायचं नाही, मागच्या गाडीच्या चालकाने बघायचं. स्वतःच्या गाडीत खोट दिसत नाही. दुसऱ्याच्या लगेच दिसते. शेपटीच्या गाडीने "थांबा" म्हटलं की कारण न विचारता थांबायचं. गेल्या सहलीत असं दोनदा थांबलो, दोन्ही वेळा काहीच निघालं नाही, आणि कोणी कुरकुरलं नाही. दुसऱ्यांदा थोडं कुरकुरले.

सामानाचं बोलायचं तर दादांनी परत आल्यावर सगळं तसंच भरून गाडी वजनकाट्यावर घातली. कंपनीने ठरवलेल्या कमाल वजनाच्या बरीच वर भरली. हे निघण्यापूर्वी करायला शंभर-दोनशे रुपये लागले असते. हत्यारांच्या पेटीत तीन प्रकारच्या बॅटऱ्या आणि कॉफीचं यंत्र होतं, सेंटर बोल्ट एकही नव्हता. पाट्याची गाडी असेल तर दोन सेंटर बोल्ट, चार यू बोल्ट आणि जमलं तर चासीला बांधलेला एक मेन पाटा. त्याचं वजन कॉफीच्या यंत्रापेक्षा जास्त आहे, हे दादांचं म्हणणं मान्य.

रात्री निघण्याबद्दल काका अजून म्हणतात की ते दीड किलोमीटर पुढे गेलो म्हणूनच मोबाइलची रेंज मिळाली. हे खरं आहे. मी म्हणतो, तीच रेंज मूळ जागेच्या धोऱ्यावरही एक काडी होती. हेही खरं आहे.

खर्चाचा वाद मात्र मिटलेला नाही. पाटा, यू बोल्ट आणि मजुरी दादांची, यावर दुमत नाही. पण ट्रॅक्टरचे तीन हजार आणि रामगढच्या दोन जादा रात्री सगळ्यांत वाटायच्या की नाही? दादा म्हणतात, माझी गाडी, मी देतो. काका म्हणतात, सहल सगळ्यांची. मी माझा वाटा द्यायला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. काकांच्या वहीत ती रक्कम अजून 'येणे' या रकान्यात आहे, समोर कोणाचंच नाव नाही.